बहिणीच्या पायातलं औषध

माझ्या धाकट्या बहिणीला आणि मला एकच आजार झाला, आणि चांगलं औषध तिला मिळालं. माझ्या आजारपणाची गोष्ट मी बराच काळ एवढ्या एका वाक्यात सांगत होते, तीही फक्त स्वतःला. आता दोघी बऱ्या आहोत, चालतो-फिरतो, म्हणून नीट सांगायला बसले आहे. आमच्यासारखा आजार आणखी कोणाच्या घरात असेल तर त्यांना उपयोग होईल. शिवाय आजारपणात हेवा वाटतो, सख्ख्या माणसाचाही वाटतो, हे मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. मला वाटायचं, मी एकटीच अशी.

मी मंगल. भिवंडीत राहते. मानकोलीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. लोक ऑनलाइन कपडे मागवतात आणि परत पाठवतात, ते तपासायचं माझं काम. डाग आहे का, शिवण उसवली आहे का, कोणी लग्नात मिरवून मग परत केलाय का. काम दिवसभर उभ्याने. नवरा लूम फिटर आहे, यंत्रमाग दुरुस्त करतो, एक मुलगा कॉलेजात. बहीण सविता, तिला मी सवी म्हणते, काल्हेरच्या नव्या बिल्डिंगांमध्ये तिचं पार्लर आहे. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि दिसायला दहा वर्षांनी.

पोटरी

दुखणं उजव्या पोटरीत सुरू झालं. रिक्षा फाट्यावर सोडायची आणि आतल्या गेटपर्यंत चालत जायचं, तर निम्म्या वाटेत पोटरी आवळून यायची, आतून कोणी पीळ घातल्यासारखी. थांबलं की सुटायची, चाललं की परत. मी मोबाईल काढून काहीतरी बघतेय असं दाखवायचे. सोबतच्या बायका पुढे निघून जायच्या.

भिवंडीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी उभं राहून होतंय असं सांगितलं आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्या मी इमानेइतबारे खाल्ल्या. पुढे त्याच पायाच्या अंगठ्याला नखाच्या कडेला साधी जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. मग ह्यांनी ड्युटी सोडून मला ठाण्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्ही सोबत नेलेला एक्स-रे बघितलाच नाही. माझ्या पावलावर दोन बोटं ठेवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग दुसऱ्या पावलावर. मला वाटलं, ताप बघतायत. त्या नाडी शोधत होत्या. पायाला नाडी असते हेच मला माहीत नव्हतं, आणि माझ्या उजव्या पायाला ती लागतच नव्हती.

मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कोपऱ्यात पापणीवर मला पिवळसर चट्टे आहेत, ते कधीपासून आहेत असं विचारलं. मी म्हटलं, खूप वर्षं झाली, बहीण पार्लरवाली आहे, ती म्हणते वयाचे आहेत. टाचेच्या वरची धोंडशीर त्यांनी चिमटीत धरून बघितली, ती जाड होती. वडील आहेत का, विचारलं. बाबा एसटीत कंडक्टर होते, ड्युटीवरच गेले, पन्नाशीसुद्धा गाठली नाही. काका त्याच्याही आधी. हे सांगताना मला पहिल्यांदाच दोघांचं जाणं एका रांगेत दिसलं.

त्या म्हणाल्या, हे खाण्यापिण्याने झालेलं नाही. रक्तात कोलेस्टेरॉल जास्त असणं काही घरांत जन्मतःच येतं. लहानपणापासून ते नसांमध्ये बसत जातं. माझ्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. पाय वाचवायचा असेल तर आता वेळ घालवून चालणार नव्हतं. "पाय वाचवायचा असेल तर" हे शब्द ऐकल्यावर पुढचं मला काही ऐकू आलं नाही. बाकी सगळं ह्यांनी ऐकलं आणि रिक्षात बसल्यावर मला परत सांगितलं.

एक गोष्ट मात्र मी ऐकली होती. सख्ख्या भावंडांची तपासणी करा.

घरी आईला फोन केला. आई वळ गावात आमच्या जुन्या घरात एकटी राहते. बाबांच्या डोळ्यांजवळ असे चट्टे होते का, असं विचारलं. ती म्हणाली, "व्हते ना. आमी म्हनायचो, हा मानूस पैशेवाला होनार हाय."

मग मी सवीला फोन लावला. मला काहीच होत नाही गं ताई, असं ती तीनदा म्हणाली. मी ऐकलं नाही, स्वतः घेऊन गेले. तिच्या रक्तातही तेच निघालं आणि तिच्या डाव्या मांडीतली नसही अरुंद झालेली निघाली. तेव्हा तिने कबूल केलं की जिना चढताना पाय भरून येतो, ती सँडलला दोष देत होती. पापणीवरचे चट्टे तिलाही होते. तिने ते कधीच स्किनच्या डॉक्टरकडून काढून घेतले होते, म्हणून कोणाला दिसले नव्हते.

नाव लागलं

डॉक्टरबाई मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलातही जायच्या. तिथे नव्या उपचाराचा एक अभ्यास चालू होता. आम्हा दोघींना त्यांनी एकत्रच बसवून समजावलं. जांघेतून बारीक नळी आत घालायची, तिच्या टोकाला फुगा. अरुंद जागी पोचला की फुगवायचा, वाट मोकळी करायची आणि काढून घ्यायचा. एवढं जुनंच आहे. नवीन होतं ते फुग्यावरचं औषध. ते डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत अशा अतिसूक्ष्म कणांमध्ये भरलेलं होतं. फुगा नसेच्या भिंतीला टेकला की हे कण भिंतीत शिरून बसतात आणि महिनोन्महिने थोडं थोडं औषध सोडत राहतात. म्हणजे तिथे नको त्या पेशी वाढून नस परत बंद होत नाही.

मी विचारलं, मग तपासताय काय?

त्या म्हणाल्या, नसेला आतून जिवंत पेशींचं एक पातळ अस्तर असतं. फुग्याने ते खरवडलं जातं आणि मग हळूहळू नवीन येतं. नको त्या पेशींची वाढ थांबवणारं हे औषध अस्तराच्या चांगल्या पेशींनाही थांबवतं का, हे बघायचंय. अस्तर आलं नाही तर त्या जागी रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून ज्यांना हा फुगा लावतील त्यांच्या तपासण्या जास्त आणि रक्त पातळ करायच्या गोळ्याही जास्त दिवस.

मी रोज कपड्यांचं अस्तर उलटून बघते, त्यामुळे मला ते चटकन कळलं. सवी मान डोलावत होती. तिला काय कळलं, ते मला बऱ्याच महिन्यांनी समजलं.

पुढच्या आठवड्यात दोघींचे रिपोर्ट आले. सवीचं नाव अभ्यासात लागलं. माझं नाही. माझ्या नसेत चुना साचला होता, अंड्याच्या कवचासारखा कडक. त्या कवचातून कण भिंतीपर्यंत पोचणारच नव्हते. माझी बायपास करायची ठरली. माझ्याच मांडीतली एक शीर काढायची आणि बंद जागेला वळसा घालून शिवायची. जुनं, मोठं ऑपरेशन.

मी कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या होत्या त्याने तर नाही ना झालं, असं विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याचा काही संबंध नाही, हा चुना फार वर्षांचा आहे. तरी मला आजही त्या हाडांच्या डॉक्टरांचा राग येतो.

लिफ्टमधून खाली येताना सवी कोणाला तरी फोनवर सांगत होती, "माझं सिलेक्शन झालं." सिलेक्शन. नोकरी लागल्यासारखं. मी तिच्या शेजारी उभी होते आणि माझ्या हातातली रिपोर्टची पिशवी मी इतकी घट्ट धरली होती की तिचा बंद तुटला. तिला तपासणीला ओढत नेणारी मी. मी नेलं नसतं तर ती अजून सँडल बदलत बसली असती. असं मी मनात म्हणत राहिले, लिफ्ट थांबेपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस.

वॉर्ड

तिचं माझ्या आदल्या दिवशी झालं. मी ऑपरेशनला गेले तेव्हा ती वॉर्डात बसून चहा पीत होती, आणि मी शुद्धीवर आले तेव्हा तिला घरी सोडायची तयारी चालली होती. ती मला भेटायला आली ती स्वतःच्या पायांनी. जांघेत एवढीशी पट्टी. नखांना रंग तसाच. माझ्या पायाला जांघेपासून गुडघ्याच्या खालपर्यंत टाके, एक नळी लघवीला, एक जखमेला. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि रडली. मी डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, मला गुंगी आहे.

हॉस्पिटलातले दिवस सगळ्यांचे सारखेच असतात. पहाटे रक्त न्यायला येतात, मग अंग पुसायला, मग चहा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. ती फेरी तुमच्या पलंगापाशी येऊन पुढे गेली की दिवस संपल्यासारखा वाटतो आणि तो तर अजून सुरूही झालेला नसतो. ड्रेसिंगच्या वेळी मी छताकडे बघायचे. भीती कशाची वाटायची तर पाय थंड पडण्याची. ज्यांचं असं ऑपरेशन होणार असेल त्यांनी हे धरून चालावं, की तुम्ही दिवसातून अनेकदा स्वतःचं पाऊल चाचपणार. सगळेच चाचपतात.

त्या दिवसांतली एक चांगली गोष्ट सांगते. नर्सबाई पावलाला जेल लावून एक पेनसारखं यंत्र टेकवायच्या आणि त्यातून रक्ताचा आवाज यायचा, धापा टाकल्यासारखा. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी त्यांना म्हटलं, परत लावा ना. त्यांना पुढे दहा पेशंट होते. तरी त्यांनी परत लावला आणि मला पुरे होईपर्यंत धरून ठेवला. अंगठ्याची जखम पुढे पंधरवड्यात भरत आली.

आई कोणाकडे

आजारपणात घरातली माणसं कोणाच्या बाजूला बसतात ते फार दिसतं. आई मदतीला आली आणि सवीकडे उतरली. कारण खरं होतं, माझ्या घराला तीन जिने, तिच्या बिल्डिंगला लिफ्ट आणि आईचे गुडघे दुखतात. कारण खरं असलं म्हणून लागायचं थांबत नाही. मी भिंतीला धरून संडासला जायचे आणि फोनवर आई मला सांगायची की सवी आज पार्लरला गेली, सवीने आज मासे केले.

भेटायला येणारेही आधी सवीकडे जायचे. तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. सूक्ष्म कण, नवीन औषध, अभ्यास. आई तर ते फॉरेनचं आहे असं सांगायची; डॉक्टरबाईंनी ते आपल्याच देशात बनलेलं आहे असं सांगितलं होतं, पण आईला फॉरेनचं जास्त आवडलं. माझ्याकडे आल्यावर लोक विचारायचे, कापलं का? मी म्हणायचे, कापलं. संपली गोष्ट. एका मावशीने तर विचारलं, तुला नाही का मिळालं ते चांगलं औषध? तिला मी चहा दिला, पण साखर घालायची विसरले. विसरले असंच म्हणते.

ह्यांना सगळं कळत होतं. माझं ड्रेसिंग ते करायचे, लूमच्या तेलाचा वास हाताला राहू नये म्हणून कोपरापर्यंत साबण लावून. एकदा ड्रेसिंग करता करताच म्हणाले, सवीचा फोन का नाही उचलत? मी म्हटलं, झोपले होते. ते पट्टी बांधून उठले.

मिरवणूक

जयंती आली तेव्हा माझे टाके निघालेले होते पण पाय सुजत होता. ह्यांनी रस्त्याच्या कडेला ओळखीच्या दुकानापुढे मला खुर्ची टाकून दिली, पायाखाली स्टूल. निळे झेंडे, डीजेचा ट्रक, पांढऱ्या साड्या. आणि ट्रकच्या मागे बायकांच्या घोळक्यात सवी नाचत होती. नुसती हात वर करून हलत नव्हती, नाचत होती, पाय आपटून. मी तिच्या डाव्या पायाकडेच बघत होते. लहानपणापासून आम्ही दोघी शेजारी शेजारी नाचलो आहोत. मला ठेका सापडायला वेळ लागायचा आणि तिला कधीच लागला नाही. बाबा हसत हसत म्हणायचे, ही बघ कशी नाचते. ही म्हणजे ती.

ती घामाघूम होऊन माझ्यापाशी आली, पाणी मागितलं. मी बाटली दिली. ती म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षी तूपण." मी हसले. तिने बाटली परत दिली तेव्हा मी ती घेतली नाही, खाली ठेव म्हटलं. ती बाटली खाली ठेवून पुन्हा घोळक्यात गेली. त्या दिवशी मला सगळ्या गर्दीत एकाच माणसाचा पाय दुखावा असं वाटलं.

फोन

त्यानंतर काही महिन्यांनी हॉस्पिटलातून सवीला फोन आला. अभ्यासातल्या सगळ्यांना परत बोलावत होते. काही पेशंटच्या नसेत आतलं अस्तर यायला हवं होतं तेवढं आलं नव्हतं. म्हणून नवीन कोणाला फुगा लावणं तूर्त थांबवलं होतं, आणि ज्यांना लावला होता त्यांची आतून तपासणी करायची होती. गोळ्या एक दिवसही चुकवू नका, असं बजावलं होतं.

हे मला आईने सांगितलं, घाबऱ्या आवाजात. आणि फोन ठेवल्यावर सगळ्यात आधी मला बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. मग अस्तर आलं नाही तर काय होतं ते आठवलं. गुठळी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. बाबा हृदयातल्या गुठळीनेच गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सवी घरी आली. एकटी. तीन जिने चढून आली आणि दम लागला नाही, हे माझ्या लक्षात आलंच. तिने चहा नको म्हटलं. पलंगावर माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, मला तुझी शिवण दाखव."

ऑपरेशन झाल्यापासून तिने ती बघितली नव्हती. मी दाखवलीच नव्हती. मी साडी वर घेतली. तिने व्रणावरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत, मेकअप करताना फिरवते तसं हलकं. दंडावर तिच्या काळेनिळे डाग होते, रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी पडलेले. ते ती पार्लरमध्ये पूर्ण बाह्यांखाली झाकायची.

"तुझ्या पायात तुझीच शीर आहे," ती म्हणाली. "माझ्या पायात काय आहे ते मलाच माहीत नाही. काढून टाका म्हटलं तरी कोणाला काढता येणार नाही."

मी विचारलं, तुला तेव्हा सांगितलं होतं ना सगळं? अस्तराचं?

सांगितलं होतं, ती म्हणाली. सगळं सांगितलं होतं आणि तिने हो-हो म्हणून सही केली होती. पण तिला ऐकूच आलं नव्हतं. चाकू लावणार नाहीत एवढं एकच तिने ऐकलं. त्यानंतरचं सगळं तिला पाण्याखालून ऐकल्यासारखं होतं. माझ्याबाबतीत ह्यांनी ऐकलं होतं, तिच्या बाजूला मी बसले होते. आणि मी तिला काही परत समजावून सांगितलं नव्हतं, कारण तिचं नाव लागल्यापासून मी तिच्याशी नीट बोलत नव्हते.

तिने नवऱ्याला फक्त साधी तपासणी आहे असं सांगितलं होतं. मला विचारलं, येशील का माझ्याबरोबर? मी म्हटलं, येते.

आतलं चित्र

परत तीच खोली, त्याच खुर्च्या. तपासणी जांघेतूनच झाली, तारेच्या टोकाला असलेल्या बारीक कॅमेऱ्यासारख्या यंत्राने. संध्याकाळी डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. सवीच्या नसेचा आतला गोल. त्यांनी बोटाने दाखवलं, इथे अस्तर आलंय, इथेही आलंय, इथे पातळ आहे, आणि ही एवढी जागा अजून उघडी आहे. गुठळी नव्हती. नस मोकळी होती. औषधाने त्याचं काम केलं होतं, जरा जास्तच केलं होतं.

मी विचारलं, हे भरून येईल ना?

त्या म्हणाल्या, "येईल असं मला वाटतं. पण नक्की माहीत असतं तर आम्ही अभ्यास केला नसता. माहीत नाही, तेच खरं उत्तर आहे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. इतक्या महिन्यांत कोणीतरी सरळ बोललं होतं. त्यांनी अस्तराचं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, कागदावर नस काढून. या वेळी मी मधे मधे सवीला विचारत होते, कळलं का, मला सांग काय कळलं. ती चुकली की डॉक्टरबाई परत सांगायच्या. तिने एक प्रश्न विचारला, कण कधी संपतात? औषध काही महिन्यांत संपतं, कणांचं कवच विरघळून जातं, असं त्या म्हणाल्या. पण पेशींना त्याआधी काय झालं, ते अस्तर आल्यावरच कळणार.

मी वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन. नवीन औषध मिळत असेल तर त्याला हो म्हणायला किंवा नाही म्हणायला मी कोण? पण सोबत असा माणूस न्या, ज्याला तुमचा हेवा वाटत नाही. किंवा वाटत असला तरी जो ऐकून घेईल.

चालणं

सवीच्या गोळ्या चालू राहिल्या. तेवढ्यात माझ्या डाव्या पोटरीनेही बोलायला सुरुवात केली. मी कोणाला न सांगता काही दिवस परत मोबाईल काढून उभी राहिले, मग सवीला सांगितलं. तीच मला घेऊन गेली.

या नसेत चुना फारसा नव्हता. अभ्यास कमी औषधाच्या फुग्याने परत सुरू होणार होता आणि या वेळी माझं नाव लागू शकत होतं. मला जे हवं होतं ते समोर ठेवलेलं होतं. आणि मला ते नकोसं वाटत होतं, आणि तरी हवंही होतं. सवीकडे बघितलं. ती म्हणाली, मी काही बोलणार नाही, माझं बोलणं धरू नकोस.

मी डॉक्टरबाईंना विचारलं, थांबले तर? त्या म्हणाल्या, पाय धोक्यात नाही, जखम नाही. कोलेस्टेरॉलची औषधं नीट चालू आहेत. तीन महिने चाला. रोज. दुखेपर्यंत चाला, थांबा, सुटलं की पुन्हा चाला. अशा चालण्याने आजूबाजूच्या बारीक नसा वाढतात. मग ठरवू.

काल्हेरला सवीच्या बिल्डिंगमागे रस्ता आहे, सकाळी ट्रकांची गर्दी व्हायच्या आधी चालण्यासारखा. ड्युटीच्या आधी मी तिथे जायला लागले. सुरुवातीला वाटेत कितीतरी वेळा थांबावं लागायचं. मी थांबले की सवी थांबायची. तिला थांबायची गरज नव्हती. पण कधी ओढणी नीट करायची, कधी बुटाची नाडी सोडून परत बांधायची. मला ते दिसायचं आणि मला तिच्या पायाचा हेवा वाटायचाच. तो काही गेला नाही. फक्त तो वाटत असताना मी तिच्याशी बोलू लागले.

चालता चालता बरंच बोललो. त्याच दिवसांत आम्ही मुलांच्या तपासण्या करून घेतल्या. माझ्या मुलाच्या रक्तात काही निघालं नाही. तिच्या मुलीच्या रक्तात निघालं. ती पंधरा वर्षांची आहे. आता तिला गोळ्या सुरू आहेत आणि डॉक्टरबाई म्हणतात, इतक्या लवकर सापडलं तर आमच्यासारखं व्हायचं कारण नाही. पण रिपोर्टच्या दिवशी सवी चालायला आली नाही. मीच तिच्याकडे गेले. दार उघडल्यावर आम्ही दोघींनी मिळून पोळ्या लाटल्या.

ज्यांच्या घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, त्यांनी पोरांचं रक्त तपासून घ्या. एवढं तरी माझं ऐका.

तीन महिन्यांनी दोघी एकाच दिवशी गेलो. सवीचं आतलं चित्र पुन्हा घेतलं. उघडी जागा भरत आली होती. अस्तर पातळ होतं, पण होतं. तरी रक्त पातळ करायची एक गोळी अजून घ्यायचीच आणि तपासणीला येत राहायचं. किती वर्षं, ते डॉक्टरबाईंना सांगता आलं नाही.

माझ्या पावलावर त्यांनी पहिल्या दिवसासारखीच बोटं ठेवली. मग मला लांबलचक कॉरिडॉरमधून फेऱ्या मारायला लावल्या. मी खूप वेळाने थांबले. त्या म्हणाल्या, "तुम्हाला आता फुगा नको आणि काही नको. चालत राहा."

बाहेर आलो. हॉस्पिटलच्या दारापाशी सवी थांबली. तिच्या हातात तिच्या रिपोर्टची पिशवी होती, गोळ्यांची नवीन चिठ्ठी होती, पुढच्या तपासणीची तारीख होती. माझ्या हातात काहीच नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, खरं सांगू? मला तुझा फार हेवा वाटतोय."

मी हसायला लागले. ती चिडली, यात हसण्यासारखं काय आहे म्हणाली. मी तिचा दंड धरला, डागांना लागणार नाही असा, आणि म्हटलं, "परत म्हण."

तिने परत म्हटलं.